मागे बसणाऱ्यांची पाने

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कपाळावर कोणत्याही मोठ्या कंपनीचे नाव नाही. चेन्नईत माउंट रोडच्या बाजूला रिची स्ट्रीट नावाची गल्ली आहे. तिथल्या एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. कुठली पेटी, कुठला पंखा, कुठली हार्ड डिस्क, असे चार ठिकाणचे भाग एका टेबलावर आले आणि दुकानदाराने स्क्रू पिळून मला उभे केले. माझा पडदा जरा निळसर होता. पंखा सुरू झाला की जात्यासारखी घरघर यायची. तरीही मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा समोर उभी असलेली बाई टाळी वाजवून हसली होती.

तिचे नाव तुळसी. त्याच शहरातल्या मैलापूरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती शिकवत असे. तिची बोटे इतकी चपळ होती की मुली आपले काम सोडून तिच्याकडे बघत बसायच्या. पण हळूहळू मुली टायपिंगऐवजी संगणक शिकायला जाऊ लागल्या आणि इन्स्टिट्यूट बंद पडली. तुळसी रडत बसली नाही. तिने मला रिक्षात मांडीवर घेतले आणि देवळाच्या तळ्यामागच्या घरी आणले. ज्या वर्षी मद्रासचे चेन्नई झाले, त्याच वर्षीची ही गोष्ट.

त्या घरात तिचे थोरले भाऊ सेतुमाधव आणि वहिनी सरोजा राहत. सेतुमाधव बँकेत होते. सरोजाबाई लग्नाआधी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करत. ही सगळी तंजावूरची मराठी मंडळी. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या बोलीत आपल्या पणजोबांच्या काळचे मराठी आणि आजचे तमिळ एका ताटात जेवत असते. मला ती बोली कळायला लागेपर्यंत त्यांना माझी सवय झाली होती.

मी आल्यावर दोघी नणंदभावजयांनी मिळून वेबसाइट बनवायचे काम सुरू केले. मित्रांनो, तुम्हाला वाटेल वेबसाइट म्हणजे हवेतली जादू. तसे काही नसते. पाने म्हणजे फाइली, चित्रे म्हणजेही फाइलीच. त्या आधी माझ्या पोटात तयार होतात. मग टेलिफोनच्या तारेतून त्या एका मोठ्या संगणकाकडे जातात. त्याला सर्व्हर म्हणतात. तिथे भाड्याने थोडी जागा घ्यायची आणि आपल्या फाइली ठेवायच्या, की त्या जगात कुठूनही दिसतात. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. पानात चित्र नसते. पानात चित्राचे फक्त नाव आणि पत्ता असतो. त्यात एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले, तरी चित्राच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

हे तुळसीला पहिल्याच वर्षी कळायला हवे होते. शहराचे नाव बदलले म्हणून तिने उत्साहाने ‘मद्रास’ नावाच्या फोल्डरचे नाव ‘चेन्नई’ केले, आणि एका साडीच्या दुकानाची सगळी चित्रे नाहीशी झाली. पानांना बिचाऱ्यांना ही बातमी कुणी कळवलीच नव्हती! ती जुन्याच पत्त्यावर साड्या शोधत होती. दोघी खूप हसल्या, चूक दुरुस्त झाली, आणि गोष्ट तिथेच विसरली गेली.

मग एक दिवस गुरुमूर्ती आले. सगळे त्यांना मामा म्हणत. ते फोटोग्राफर. मैलापूरच्या संगीत सभांमधून त्यांनी आयुष्यभर फोटो काढले होते. पण त्यांचा कॅमेरा मुख्य गायकाकडे फारसा वळलाच नाही. ते मागे बसणाऱ्यांचे फोटो काढत. तंबोरा धरून बसलेली माणसे, मडक्यासारखा घटम् वाजवणारे, पडदा ओढणारा, मृदंगाला शाई लावणारा, सभेच्या कँटीनमध्ये कॉफी गाळणारी बाई.

“पुढच्यांचे फोटो पेपरांत येतात की,” मामा म्हणाले. “ह्यांचे कोणीं काढायचे? निगेटिव्ह समुद्राच्या हवेनें एकास एक चिकटून गेले. कागदावरचे एवढेच उरले. मी जाण्याआधीं हे कोठें तरी ठेवून जायचें आहे.”

त्यांनी पिशव्या रिकाम्या केल्या. भाड्याने स्कॅनर आला. सरोजाबाई एकेक फोटो काचेवर ठेवत, मामांना विचारत, आणि आधी वाद्य किंवा काम, मग माणसाचे नाव, मग गाव, असे फाइलीला नाव देत; मामांना नाव ठाऊक नसेल तर नुसता आकडा घालत. माझ्या पोटात एकेक चेहरा उतरत गेला. एरवी माझ्याकडे भांड्यांची आणि साड्यांची चित्रे येत. आता माणसे येऊ लागली. मला माझ्या घरघरीची लाज वाटेनाशी झाली.

फोटो माझ्यात आला की मामा तो कागद पाकिटात घालून त्या त्या माणसाच्या घरी, नाहीतर त्याच्या सभेत पाठवून देत. “आता हा तुमच्या भिंतीवर शोभेल,” असे मागे लिहीत. वेबसाइट सुरू झाली. सिंगापूरहून, अमेरिकेतून लोकांचे निरोप येऊ लागले. कुणाला आजोबा सापडले, कुणाला काका. पेपरात दोन ओळी छापून आल्या. सेतुमाधवांनी ते कात्रण बँकेत सगळ्यांना दाखवले. ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस.

पण एका छपराखाली दोन स्वभाव होते. तुळसीला घाई, सरोजाबाईंना नेटकेपणा. तुळसी फाइलीला ‘न्यू’ म्हणायची. दुसरी झाली की ‘न्यू न्यू’. मग ‘लास्ट’. मग ‘रियल लास्ट’. सरोजाबाईंना ते बघवत नसे.

“तुळसी, तुझ्यामागें कोणास उघडून बघायचें असेल तर काय कळेल?” एकदा त्या म्हणाल्या.

“माझ्यामागें? मी कोठें चाललें आहें?” तुळसी फणकारली. “वैनी, तुम्ही एका फोटोस नाव द्याल तोंवर माझीं तीन पानें होतात. हें लायब्ररी नव्हें. असें करत बसलां तर आपलें दुकान चालायचें नाहीं.”

सरोजाबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवसांनी त्या माहेरी तंजावूरला निघाल्या. भाच्याची मुंज आहे असे कारण होते. मुंज खरीच होती, पण मुंज झाल्यावरही त्या आल्या नाहीत. सेतुमाधव दोघींच्या मध्ये पडले नाहीत. ते सकाळी कॉफी पीत आणि बहिणीकडे न बघता म्हणत, “आज तरी फोन कर.” तुळसी म्हणे, “सरी, बरें, करतें.” आणि करत नसे.

तेवढ्यात ज्या कंपनीच्या सर्व्हरवर मामांची वेबसाइट होती, ती कंपनी गाशा गुंडाळत असल्याचा निरोप आला. महिनाअखेर सगळे बंद. तुळसीने दुसरीकडे जागा घेतली. पण इतर कामांच्या रगाड्यात वेबसाइटचे घर बदलायचे राहून गेले ते अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. त्या दिवशी भल्या सकाळी, टेलिफोनची तार मोकळी असताना, ती माझ्यासमोर बसली. जुन्या सर्व्हरवरून सगळे माझ्यात उतरवायचे आणि माझ्यातून नव्या सर्व्हरवर चढवायचे, असा बेत होता.

अर्ध्या वाटेवर माझे पोट भरले. जागाच उरली नाही.

तुळसी माझे फोल्डर एकामागून एक उघडून बघू लागली. काय काढून टाकता येईल? तिला सरोजाबाईंचा एक मोठा फोल्डर दिसला. त्याचे नाव होते ‘ओल्ड’. ओल्ड म्हणजे जुने, म्हणजे कामातून गेलेले, असे तिने मानले. सरोजाबाईंनी तर त्यात जुन्या माणसांचे मूळ फोटो ठेवले होते, मोठे आणि स्वच्छ, जसे काचेवरून उतरले तसे. म्हणून त्यांनी ‘ओल्ड’ लिहिले होते.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. अशा वेळी मला एकच प्रश्न विचारण्याची मुभा असते. मी पडद्यावर विचारले, ‘हे सगळे पुसायचे आहे, याची खात्री आहे ना?’ तुळसीने माझा हा प्रश्न हजारदा पाहिला होता. तिने न वाचता ‘हो’ म्हटले. मग माझी कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे उतरवू लागली.

दुसरे संकट मुकाट्याने आले. उतरवून घेण्यासाठी तिने एक जुना प्रोग्रॅम वापरला. त्याला लांब नावे पेलत नसत. तो नावाची पहिली काही अक्षरे ठेवी, बाकीची कापून टाकी आणि पुढे एक आकडा चिकटवी. सगळी अक्षरेही इंग्रजीतली मोठी करून टाकी. अशी तंबोरा धरलेल्या सगळ्या माणसांची नावे कापली जाऊन ती नुसती ‘तंबोरा’ आणि एक आकडा झाली. कुणाचे नाव, कुणाचे गाव, काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसीने नव्या जागची वेबसाइट उघडली. पाने होती. लिहिलेला मजकूर होता. फोटोंच्या जागी मात्र वरपासून खालपर्यंत रिकामे चौकोन. जुनी जागा उघडून पाहिली, तर ती आदल्याच दिवशी मिटली होती. कंपनीचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

“मूळ फोटो आहेत की,” ती स्वतःशीच म्हणाली. “वैनींनीं ठेवले असतील.”

ती शोधू लागली. प्रत्येक फोल्डर उघडला. शोधता शोधता तिचा हात माउसवर थांबला. “ओल्ड,” ती हळूच म्हणाली, आणि माझ्या पडद्याच्या उजेडात मी तिचा चेहरा उतरलेला पाहिला. बाहेर भाजीवाली हाका मारत होती. तुळसी उठली नाही.

मग तिने फोन केला. तंजावूरला सरोजाबाईंनी तो उचलला.

“वैनी, मामांचे सगळे फोटो मी पुसून टाकले.”

सरोजाबाईंनी विचारले, “जेवलीस?”

“नाहीं.”

“जेवून घे. मशीनीस हात लावूं नक्को. मी येतें.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पिशवी खाली ठेवली, पाय धुतले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. तुळसी दाराशी उभी होती. सरोजाबाईंनी सगळे पाहून घेतले. मूळ फोटो गेले होते. पानांवर लावायला केलेले छोटे फोटो मात्र, नावे कापलेले का होईना, माझ्यात शिल्लक होते.

“वैनी, मला बोला काय बोलायचें तें,” तुळसी म्हणाली.

“तुला काय बोलूं? ओल्ड हें काय नाव झालें? मला कळलें तें मी लिहिलें. दुसऱ्यास काय कळेल, हें कोठें पाहिलें?” सरोजाबाई म्हणाल्या. “लायब्ररीतली म्हणून मिरवलें, आणि घातलें तर असें नाव. ये, बैस. आधीं मामांस सांगायला हवें. तें तूंच सांग.”

गुरुमूर्ती मामा दुपारी आले. तुळसीने उभ्यानेच सगळे सांगितले, काही झाकले नाही. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. कागदावरचे फोटो त्यांनी आपल्या हाताने वाटून टाकले होते, हे सगळ्यांनाच आठवले असावे.

“छोटे तरी आहेत, म्हणतेस?” शेवटी ते म्हणाले.

“आहेत मामा. पण कोणता कोणाचा, कळत नाहीं.”

“मला कळतो की.” ते खुर्चीत बसले. “अम्मा सरोजा, थोडी कॉफी दे. आणि दाखव बघूं पहिला.”

त्या दिवसापासून मामा रोज दुपारी येऊ लागले. मी एकेक चेहरा दाखवायचा, मामांनी ओळखायचा. तुळसी फाइलीला नाव घालायची, सरोजाबाई अक्षरन् अक्षर वाचून पाहायच्या. सगळी नावे इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही, वाचणाऱ्या कोणालाही समजेल असे. पूर्वी हेच काम झाले होते तेव्हा मामा नुसते नाव सांगून मोकळे झाले होते. आता ते थांबून थांबून बोलत. हा तंबोरेवाला मैफलीत बसल्या बसल्या झोपायचा, पण बोटे कधी चुकली नाहीत. हिने मुलीच्या लग्नाच्या दिवशीही सभेची कॉफी चुकवली नाही. तुळसी ऐकता ऐकता ते सगळे पानांवर लिहून टाकी. घाई करणाऱ्या त्या बोटांना मी पहिल्यांदाच कुणासाठी तरी थांबलेले पाहिले.

काही घरांतून लोक कागदावरचे फोटो घेऊन आले, ते पुन्हा काचेवर चढले. सगळे नाही आले. किती तरी चेहरे आता कायमचे लहानच राहणार आहेत. मोठे करून बघायला गेले की ते विरतात.

काही चेहरे तर मामांनाही सांगता आले नाहीत. “ह्याचे फोटो मी वर्षानुवर्षें काढले,” एका तंबोरेवाल्याकडे बघत ते म्हणाले. “पण नाव कधीं विचारलेंच नाहीं.” अशांसाठी सरोजाबाईंनी एक वेगळे पान केले. वर लिहिले, ‘यांना कोणी ओळखता का?’

वेबसाइट पुन्हा उभी राहिली. आता सगळ्याची एक प्रत सीडीवर उतरवून सेतुमाधवांच्या कपाटात ठेवली जाऊ लागली. सेतुमाधव ती देवाच्या नैवेद्यासारखी दोन्ही हातांनी नेऊन ठेवत.

दिवस गेले. मी थकलो. नवी पाने मला जड होऊ लागली. एक चकचकीत नवा संगणक आला आणि मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून माझ्यावर जुन्या साडीचा तुकडा घातला गेला. पेटीत धूळ साचली. राग नाही आला मला, पण दुपार झाली की मामांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा, तो ऐकून पडदा उजळावासा वाटे.

गेल्या मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, संगीत सभांचा हंगाम भरात असताना, सकाळीच एक वृद्ध बाई दाराशी आल्या. त्रिपुरसुंदरी मामी; तिकडे थोर वयाच्या बाईला मामीच म्हणतात. तांबरमहून लोकल पकडून मांबळमला उतरल्या होत्या आणि पुढे बसने विचारत विचारत आल्या होत्या. अमेरिकेतल्या पुतण्याने फोनवर सांगितले होते, ‘मैलापूरच्या कुणीतरी काकांचा फोटो लावला आहे, खाली नाव नाही.’

नव्या संगणकावर तुळसीचे काम अडकून पडले होते. म्हणून माझ्यावरचा कपडा निघाला. मला सुरू व्हायला वेळ लागला. टेलिफोनच्या तारेतून फोटोही सावकाश येऊ लागला, वरून खाली, एकेक ओळ. आधी सभेचा पडदा. मग तंबोऱ्याच्या खुंट्या. मग कपाळ. मग डोळे आले, आणि मामी खुर्चीत पुढे सरकल्या.

“तेच,” त्या म्हणाल्या. “तेच हो ते. बघा, कॉलर तशीच दुमडलेली. किती सांगितलें तरी सरळ करीत नसत.”

तुळसीने कीबोर्ड जवळ ओढला. “मामी, नाव सांगा. घालतें.”

मामी खाली बघू लागल्या. “त्यांचें नाव मी कसें घेऊं? जन्मांत घेतलें नाहीं.”

“मग खूण सांगा,” सरोजाबाई हसून म्हणाल्या.

“वडपळनीस जो देव आहे ना, त्याचें.”

“मुरुगन?” तुळसीने विचारले. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. मामींनी नकारार्थी मान हलवली. “षण्मुखम? कुमारस्वामी? सुब्रमण्यम?”

“जवळ आलीस. पण इतकें लांब नव्हें.”

“सुब्बू? सुब्बय्या? सुब्बराय? अय्यो, त्या देवास इतकीं नावें कशास!” तिघी हसल्या. मग तुळसीचे हसू मावळले. तिने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. “मामी, मी अंदाजानें घालणार नाहीं. एक अक्षर चुकलें तर हे पुन्हां कोणास सांपडायचे नाहींत. तुम्ही घरीं जाऊन कोणाकडून तरी कळवा. आम्ही थांबतों.”

“घरीं आतां कोण आहे?” मामी म्हणाल्या.

त्यांनी तुळसीकडे पाहिले नाही, सरोजाबाईंकडेही नाही. त्या माझ्याजवळ सरकल्या, इतक्या की त्यांच्या श्वासाने माझी काच धूसर झाली, आणि माणसाच्या कानात सांगावे तसे म्हणाल्या, “सुब्बा.”

मग जरा मोठ्याने, “सुब्बा. हेंच.”

तुळसीने एकेक अक्षर सावकाश टाइप केले. सरोजाबाईंनी ते वाचून दाखवले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला कॉलर ओळखू येत नाही, हसू ओळखू येत नाही. मला फक्त नाव कळते, तेही तुम्ही नीट दिलेत तर. म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. जे जपायचे आहे त्याचे नाव वेळेवर विचारून घ्या. तुमच्यामागून येणाऱ्याला कळेल असे ते लिहा. त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि घर बदलताना घाई करू नका, मग ते विटांचे असो की फाइलींचे.

मामी निघाल्या. चपला घालता घालता दाराशी थांबल्या.

“हें आतां कोणीही वाचील?”

“जगांत कोणीही, मामी,” तुळसी म्हणाली.

“अय्यो,” मामी म्हणाल्या, आणि नव्या नवरीसारखा पदर तोंडाशी धरून हसत हसत पायऱ्या उतरल्या.